शाईविना उमटणारी पिसं आणि ऋतूची जोडी

प्रश्न: जपानी चित्रकार ओहारा कोसोनच्या लाकडी ठशांच्या छापचित्रांत बगळ्याची पांढरी पिसं रंगाशिवाय उठून दिसतात. हे कसं करतात? आणि चित्रातला ऋतू कसा ओळखायचा?

उत्तर १: ही काराझुरी, म्हणजे रंगाशिवाय नुसता उठाव उमटवण्याची जपानी पद्धत. पिसांच्या रेषा लाकडी ठशात कोरायच्या, रंग लावायचा नाही. ओलसर वाशी (जपानी हातकागद) वर ठेवून बारेनने (हातात धरायच्या चपट्या गोल गादीने), कधी कोपरानेही दाबायचा, म्हणजे तो खाचांत उतरतो. कागद कोरडा असला तर उठाव येत नाही, जास्त भिजला तर आधीचे रंग पसरतात. चित्र लांबून सपाटच वाटतं, एका बाजूने तिरपा उजेड टाकून बघा!

उत्तर २: ऋतूसाठी पक्षी आणि झाड एकत्र वाचा. उमे या जपानी फळझाडाचा मोहर आणि उगुइसु हा छोटा गाणारा पक्षी म्हणजे वसंताची चाहूल, होतोतोगिसु (कोकिळेच्या कुळातला पक्षी) उन्हाळ्याचा, चंद्रासमोरून जाणारे रानहंस शरदातले. बांबू-चिमणी ही जोडी मात्र बारमाही. फांदीवर बर्फ असेल तरच हिवाळा समजा. उमेवरच्या हिरव्यागार पक्ष्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं दिसलं तर तो मेजिरो (चष्मेवाला पक्षी). उगुइसु मळकट, तपकिरीकडे झुकणारा असतो.

उत्तर ३: फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, उठाव चेपतो. मध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच.