मदत हवी आहे: मांजर सोफ्यावर शू करतंय, काय फवारू?

नौपाड्याची_मीनल (शनिवार, रात्री ८:५२)

जरा लवकर उत्तर द्या प्लीज, उद्या घरमालक येणार आहेत.

आमचं मांजर (नाव लोणी, वय ४) दोन दिवसांपासून ट्रे सोडून कुठेही शू करतंय. आधी बाथरूमच्या पायपुसण्यावर, मग नवऱ्याच्या लॅपटॉपच्या बॅगेवर आणि आज दुपारी सोफ्यावर. फर्निश्ड फ्लॅट आहे, सोफा त्यांचा. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून तीन आठवड्यांपूर्वी इथे कासारवडवलीला भाड्याने आलो. नौपाड्यात चार वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. ट्रे ड्राय बाल्कनीत ठेवलाय, रोज साफ करते. ओरडून झालं, नाक घासून झालं. घर बदलल्याचा राग काढतंय, असं सासूबाईंचं म्हणणं.

परत सोफ्याकडे फिरकणार नाही असं काही फवारता येतं का? फिनाईल चालेल? उशांखाली डांबरगोळ्या ठेवू का?

फुकटचा_सल्ला (९:०१)

व्हिनेगर आणि पाणी समसमान. नाहीतर संत्र्याच्या साली ठेवा, तो वास त्यांना सोसत नाही. वागळे इस्टेटला आमच्या ऑफिसात एक मांजर साहेबांच्या खुर्चीत बसायचं. साली ठेवल्यावर त्याने खुर्ची सोडली. आता माझ्या टेबलावर बसतं.

तीन_बोक्यांची_आई (९:०७)

फिनाईल नको आणि डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. पंजाला लागतं, ते पंजे चाटतात, आणि दोन्ही त्यांना विषारी आहे. नाक घासणंही बंद करा. त्याला फक्त तुमची भीती बसेल, शू थांबणार नाही.

आता सांगा, बोका आहे की मांजरी? नसबंदी झालीय? शू किती होतेय, तळं की थेंब?

बंड्याकाका_देवगड (९:१२)

मांजरी नव्हे, भाटी. आमच्याकडे बोका आणि भाटी असंच म्हणतात. हा शब्द ठाण्यात आता कुणी वापरत नाही. माझ्या नातवाला वाटलं मी भट्टी म्हणतोय.

ऐरोलीकर (९:१५)

ड्राय बाल्कनीत म्हणजे वॉशिंग मशीनशेजारी ना? मग उत्तर तिथेच आहे. आमची चिमी ट्रेमध्ये असताना मशीन स्पिनला लागलं, ती जी पळाली ती महिनाभर त्या बाल्कनीत गेली नाही. ट्रे शांत कोपऱ्यात हलवा आणि अजून एक ठेवा. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. नव्या घरात आल्यावर ट्रेमधली माती बदललीत का? सुगंधी असेल तर टाकून द्या.

नवखा_माऊप्रेमी (९:१९)

मला पर्शियनचं पिल्लू घ्यायचंय. नवी मुंबईत चांगलं कुठे मिळेल? एसी लागतोच का?

नौपाड्याची_मीनल (९:२६)

अहो, मी सोफ्याचं विचारलंय. माती तीच आहे, मशीनचं बघते. लोणी बोका आहे, नसबंदी झालीय. शू थोडीशीच करतंय, सोफ्यावरचा डाग रुपयाच्या नाण्याएवढा, पण वास भयंकर. बाकी तब्येत ठीक. जेवण थोडं कमी झालंय, पण ते बद्धकोष्ठामुळे असावं. सारखं ट्रेमध्ये जाऊन कुंथत बसतं आणि तसंच बाहेर येतं.

तीन_बोक्यांची_आई (९:२८)

थांबा. सोफा विसरा.

बोका आहे, सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि नाण्याएवढा डाग पडतोय. हे बद्धकोष्ठ नाही वाटत, लघवी तुंबलीय. ट्रेमध्ये शूने मातीचा जो गोळा होतो, तसा नीट गोळा शेवटचा कधी मिळाला? उलटी? मागचा भाग सारखा चाटतोय? आत्ता कुठे आहे?

समचिकित्सक (९:३१)

घाबरवू नका त्यांना. होमिओपॅथीचं कँथरिस ३०, दोन दोन गोळ्या दर दोन तासांनी पाण्यातून. लघवीच्या जळजळीवर रामबाण. माझ्या बहिणीच्या भाटीला (काकांचा शब्द आवडला) दोन दिवसांत उतार पडला.

फुकटचा_सल्ला (९:३३)

दुखत असेल तर तापाची गोळी पाव द्या. आपल्याला चालते तर...

ऐरोलीकर (९:३४)

वरचा सल्ला कृपया कुणीही पाळू नये!!! पॅरासिटामॉल मांजरांना अजिबात चालत नाही. त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात. एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. संपादकांनी तो प्रतिसाद उडवावा.

फुकटचा_सल्ला (९:३६)

मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. व्हिनेगरवर ठाम आहे.

नौपाड्याची_मीनल (९:४१)

आत्ता बघून आले. ट्रेमध्ये काल सकाळपासून एकही गोळा नाही. तो पलंगाखाली आहे, पोटाला हात लावला तर गुरगुरला. माझ्यावर कधी गुरगुरत नाही तो. संध्याकाळी पांढऱ्या फेसाची उलटी झाली होती, मला वाटलं केस गिळले असतील. सोमवारी सकाळी नेते. उद्या रविवार, कोण असणार?

तीन_बोक्यांची_आई (९:४५)

सोमवार नाही. उद्याही नाही. आत्ता.

बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते. चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून त्याचं बूच बसतं. मांजरींची नलिका रुंद, त्यांना हे क्वचित होतं, म्हणून मी आल्या आल्या बोका की मांजरी विचारलं. वाट बंद झाली की लघवी मागे साचते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. पूर्ण तुंबलं तर एक-दोन दिवसांत जीव जातो, आणि तुमचा कालचा दिवस आधीच गेलाय.

आमच्या बटाटा नावाच्या बोक्याच्या वेळी मीही बद्धकोष्ठच समजले होते. एक रात्र त्यात घालवली. वाचला, पण थोडक्यात.

पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, आतली लघवीची पिशवी फुटू शकते. पाणी, दूध, औषध, काही पाजू नका, भूल द्यावी लागेल. निघण्याआधी फोन करा आणि नेमकं हे विचारा: "बोक्याची लघवी तुंबलीय, आत्ता भूल देऊन कॅथेटर घालणारं कुणी आहे का?" नुसतं "मांजर आजारी आहे" म्हणालात तर उद्या या म्हणतील.

बंड्याकाका_देवगड (९:४८)

जिऱ्याचं पाणी पाजून बघा आधी. आमच्या लहानपणी मांजरांना कुठे होते डॉक्टर?

ऐरोलीकर (९:५०)

काका, तुमच्या लहानपणी बोका दोन दिवस दिसला नाही की गेला असेल कुठेतरी भटकायला, असं म्हणायचे. तो का दिसला नाही हे आपल्याला कधी कळलंच नाही.

मीनलताई, ठाण्यात कुणी नाही मिळालं तर परळचा प्राण्यांचा दवाखाना आहे, बाई साकराबाई दिनशॉ पेटिट, एकोणिसाव्या शतकातला. पशुवैद्यकीय कॉलेजही त्याच आवारात. पण रात्री काय सोय आहे ते फोनवर विचारूनच निघा, उगाच फेरा नको.

समचिकित्सक (९:५३)

कॅथेटर म्हणजे पैसे उकळायचे धंदे. माझा अनुभव वेगळा आहे.

तीन_बोक्यांची_आई (९:५५)

तुमच्या बहिणीची मांजरी होती. तिची वाट बंदच नव्हती, नुसता दाह असेल, आणि तो बऱ्याचदा आपोआपही उतरतो. इथे बूच बसलंय. साबुदाण्याने बूच निघत नाही.

समचिकित्सक (९:५६)

साबुदाणा हा शब्द मुद्दाम वापरलात. यावर वेगळा धागा काढतो.

नौपाड्याची_मीनल (९:५८)

दोन ठिकाणी फोन उचलला नाही. तिसऱ्या ठिकाणी तुम्ही सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, ते म्हणाले लगेच आणा. निघतोय. टोपली सापडत नाहीये, शिफ्टिंगच्या खोक्यांत आहे कुठेतरी.

ऐरोलीकर (९:५९)

उशीचा अभ्रा चालेल, तोंड सैल ठेवा. नाहीतर चेन असलेली सॅक. नवऱ्याला गाडी चालवू द्या, तुम्ही मागे बसा. घोडबंदर रोडला शनिवार रात्रीचं ट्रॅफिक असेल.

बंड्याकाका_देवगड (१०:२०)

नातवाने आत्ता सगळं वाचून दाखवलं. जिऱ्याचं राहू द्या. पोचलात की कळवा.

नौपाड्याची_मीनल (रविवार, पहाटे १:४०)

मानपाड्याच्या अलीकडे पंचवीस मिनिटं एकाच जागी उभे होतो. लोणी सॅकमध्ये आधी ओरडत होता, मग गप्प झाला. तेव्हा मी रडायला लागले.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि पुढचं काही विचारलंच नाही. पिशवी मोसंब्याएवढी, चेंडूसारखी टणक. पोटॅशियम वाढलेलं होतं. आधी सलाईन आणि हृदयासाठी इंजेक्शन, मग भूल देऊन नळी. पहिल्यांदा जाईना, दुसऱ्यांदा गेली. लाल चहासारखी लघवी नळीला जोडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत उतरताना बघितली. नळी दोन दिवस ठेवणार आहेत. सकाळपर्यंत नक्की काही सांगता येणार नाही म्हणाले.

ते म्हणाले, रागबिग काही नाही. ट्रेमध्ये दुखतं, म्हणून मऊ जागा शोधत होता. मी त्याचं नाक घासलं हो.

तीन_बोक्यांची_आई (१:४४)

मी बटाट्याला एरंडेल पाजलं होतं. झोपा आता.

नौपाड्याची_मीनल (बुधवार, संध्याकाळी ७:१५)

लोणी काल रात्री घरी आला. गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर आहे, दारांना आपटत फिरतो. खडे फारसे निघाले नाहीत. घर बदलल्याचा ताण, पाणी कमी आणि नुसतं कोरडं खाणं, असं एकत्र झालं असावं म्हणाले. वरच्या मजल्यावर रोज ड्रिलिंग चालतं, ते मी इथे लिहिलंच नव्हतं. आता ओलं खाणं सुरू केलंय आणि घरात चार ठिकाणी पाण्याचे वाडगे. चिकनचं पाणी द्यायचं तर मीठ, कांदा, लसूण न घालता. पहिले काही आठवडे परत तुंबायची भीती असते म्हणून ट्रेमधले गोळे मोजायला सांगितलेत. सासूबाईंनी फ्रिजवर कागद चिकटवलाय, दुधाच्या हिशोबासारख्या रेघा मारतात. आज तीन. दुपारचा तर चांगला लिंबाएवढा होता, मी फोटो काढला. नवरा म्हणाला इथे टाकू नकोस.

ट्रे आता बेडरूमच्या कोपऱ्यात आहे. घरमालकांना पुढच्या रविवारचं सांगितलंय. सोफ्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

फुकटचा_सल्ला (७:२०)

व्हिनेगर.

तीन_बोक्यांची_आई (७:३१)

व्हिनेगरने आपल्या नाकापुरता वास जातो, त्यांच्या नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा. डाग पूर्ण भिजेल इतकं ओता, वरवर फवारू नका, आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्या. कव्हर निघत असेल तर आतल्या फोमवरही. आणि रेघांचा कागद रोज बघा, एक दिवस कोरा गेला तर परत हाच फोन.

नवखा_माऊप्रेमी (७:४०)

पर्शियनचं कुणी सांगितलंच नाही. बोका घेऊ की भाटी?