शनिवारचा सिनेमा, काळा पडदा आणि सहा खुर्च्या

बी-२०४ काका: नमस्कार मंडळी. शनिवारी क्लबहाउसमध्ये जे काही दाखवलं त्याला सिनेमा म्हणायचं असेल, तर ज्यांनी निवडला त्यांनी इथे खुलासा करावा. आधी नुसता अंधार, मग माकडं. पडद्यावर कुणी तोंड उघडेपर्यंत निम्मे लोक घरी पोचले होते. नोटिशीत 'विज्ञानपट आणि विनोदी' असं छापलं होतं. विनोद नक्की कुठे होता?

सेक्रेटरी: काका, नोटिशीत 'मालिका' असा शब्द आहे. एकाच रात्री दोन्ही दाखवू असं कुठेही म्हटलेलं नाही.

खजिनदार: क्लबहाउसच्या ४० खुर्च्यांपैकी ३४ परत आल्या. उरलेल्या ६ ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपया आणून ठेवाव्यात.

ए-७०२: काका, निवड माझी. '२००१: अ स्पेस ओडिसी', १९६८, स्टॅन्ली क्युब्रिक. पहिला संवाद साधारण २५ मिनिटांनी येतो, हे कबूल. पण सुरुवातीचा अंधार म्हणजे बिघाड नव्हे. जवळपास तीन मिनिटं काळा पडदा आणि लिगेती या संगीतकाराचं संगीत, ही त्या सिनेमाची नांदी आहे. लोकांनी स्थिरस्थावर व्हावं, कान तयार व्हावेत म्हणून. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी 'बंद पडलं' म्हणून प्रोजेक्टरचा प्लग ओढला.

बी-२०४ काका: कुणीतरी म्हणजे कोण, ते सरळ लिहा.

ए-७०२: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

डी-५०५: ज्याने ओढला त्याला कळलं.

सी-१०१ ताई: माणूस कोण ते राहू द्या. आपला प्रोजेक्टर दिव्याचा आहे. बटणाने बंद केला की आतला पंखा एक-दोन मिनिटं फिरत राहतो, दिवा थंड करतो आणि मग आपोआप थांबतो. थेट प्लग काढला की पंखाही थांबतो आणि उष्णता आतच कोंडते. दिव्याचं आयुष्य त्यानेच कमी होतं. तापलेला दिवा लगेच पेटतही नाही, म्हणून परत चालू व्हायला इतका वेळ लागला.

बी-२०४ काका: धन्यवाद ताई. आपण निदान शिकवता तरी. काही लोक नुसते टोमणे मारतात.

ए-३०४ काकू: मुलांना कंटाळा आला हे खरं आहे हो. आणि सगळ्यांचे चेहरे असे गुळगुळीत, टीव्हीवरच्या मालिकेसारखे का दिसत होते? अवकाशयान तर खेळण्यातलं वाटत होतं.

ए-७०२: काकू, बरोबर पकडलंत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर घेतलेला असतो. प्रोजेक्टर दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने नवी चित्रं घुसवतो, ६० किंवा १२० करतो. सुविधा म्हणून चालू ठेवलेली असते ती. क्युब्रिकची यानं मुद्दाम संथ सरकतात, त्या संथपणात त्यांचं वजन जाणवतं. मधली चित्रं भरली की वजन गेलं, उरलं खेळणं. चित्राच्या सेटिंगमध्ये मोशन किंवा स्मूद असलं काही दिसेल ते शून्यावर आणायचं. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावायचा.

दुसरी चूक म्हणजे कुणीतरी रिमोटवरून 'फुल स्क्रीन' केलं. हा सिनेमा ७० मिमीचा, रुंदी-उंची २.२० ला १. आपला पडदा १६ ला ९, म्हणजे १.७८ ला १. वरखाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला झूम केलं की रुंदीचा सुमारे १९ टक्के भाग कापला जातो. खालच्या पट्टीत येणारी सबटायटल्सही त्यातच गेली. मग लोक म्हणतात, काही कळलं नाही!

डी-५०५: प्लग एकाचा, झूम दुसऱ्याचा. चौकशी समिती नेमा.

खजिनदार: ४० पैकी ३४ खुर्च्या परत आल्या आहेत. ६ बाकी.

बी-२०४ काका: तांत्रिक बाबी मान्य. पण विनोदाचं काय? एकदाही हसू आलं नाही.

ए-७०२: एक जागा आहे. अवकाशप्रवासाला निघालेला एक अधिकारी शून्य गुरुत्वाकर्षणातल्या शौचालयासमोर उभा राहून दारावरच्या लांबलचक सूचना वाचतो. चेहरा गंभीर, 'हसा' असा इशारा नाही. इतकंच.

डी-५०५: आपल्या पोहण्याच्या तलावाची नियमावली वाचताना माझा तसाच चेहरा असतो.

सेक्रेटरी: नियमावली सर्वसाधारण सभेत मंजूर झालेली आहे. कृपया विषयांतर नको.

बी-४०३: विषय निघालाच आहे तर बी विंगच्या लिफ्टचंही बघा. त्या सिनेमातला संगणक दार उघडायला नकार देतो, पण निदान नम्रपणे माफी तरी मागतो. आपली लिफ्ट तेवढंही करत नाही.

सेक्रेटरी: लिफ्टची तक्रार नोंदवली आहे.

बी-४०३: तिसऱ्यांदा.

सी-१०१ ताई: त्याच प्रसंगाबद्दल. दार उघडत नाही म्हणून तो अंतराळवीर हेल्मेटशिवाय एअरलॉकमध्ये, म्हणजे यानाच्या दाराशी असलेल्या हवाबंद खोलीत, झेप घेतो तेव्हा आवाज शून्य. हवा भरू लागली की मगच आवाज येतो. हे अचूक आहे, हवा नाही तर ध्वनी नाही. निर्वातात शुद्ध दहा-पंधरा सेकंद टिकते, त्यामुळे तेवढ्यात हँडल ओढणंही शक्य. चूक एकच. तो श्वास रोखून धरतो. उलट फुफ्फुसं रिकामी करायला हवीत, नाहीतर बाहेर दाब नसल्यामुळे आतली हवा फुगून फुफ्फुसं फाटतील.

ए-७०२: ताईंनी माझं काम सोपं केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की विज्ञानपट आणि विक्षिप्त विनोद यांना सारखीच शिस्त लागते. एक अशक्य गोष्ट मागून घ्यायची, प्रेक्षक ती देतो. त्यानंतर एक पैसाही उधार मागायचा नाही. सगळं नियमाने चाललं पाहिजे. आणि पात्रांना आपण विनोदी आहोत हे कळता कामा नये.

उदाहरण 'प्रायमर', २००४. खर्च फक्त ७,००० डॉलर, लांबी ७७ मिनिटं. कालयंत्र म्हणजे एक पेटी. नियम असा की पेटी चालू केल्याच्या क्षणापलीकडे मागे जाता येत नाही, आणि सहा तास मागे जायचं तर सहा तास आत पडून राहायचं. चमकणारे दिवे नाहीत, काही नाही. पण त्या सहा तासांच्या शिक्षेमुळे तो कालप्रवास खरा वाटतो. शिवाय तुम्ही पेटीत असताना बाहेर तुमची दुसरी प्रत हिंडत असते. सगळी गुंतागुंत तिथून.

डी-५०५: सहा तास बंद पेटीत? बी-४०३ला लिफ्टमध्ये सवय झाली आहे.

बी-४०३: हसायला सोपं आहे, ए विंगमध्ये राहून.

डी-५०५: मी डी विंगमध्ये आहे.

बी-४०३: तेच ते.

सी-१०१ ताई: मग 'इंटरस्टेलर' दाखवा ना. २०१४. सल्लागार किप थॉर्न, ज्यांना पुढे २०१७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. त्या प्रसंगाच्या संगीतात टिकटिक आहे, एकेक टिक म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस.

ए-७०२: ताई, तेवढं दुरुस्त करू द्या. टिक साधारण सव्वा सेकंदाला पडते, म्हणजे तासाला २,८८०. सात वर्षांचे दिवस २,५५७. एक टिक म्हणजे सुमारे २१ तास. दिवसाला थोडी कमी.

सी-१०१ ताई: 'जवळपास एक दिवस' असं वाचावे. समाधान?

ए-७०२: राग मानू नका, आकडा सुंदर आहे म्हणून मोजला.

ए-३०४ काकू: पावणेतीन तासांचा आहे तो. मुलं झोपतील. आणि त्यात संवाद दबतात, संगीत अंगावर येतं. मागच्या खेपेलाही बोलणं पुसट होतं.

सी-१०१ ताई: पुसट असण्याचं कारण वेगळं, काकू. सिनेमाचा ध्वनी ५.१ मध्ये, म्हणजे सहा वेगळ्या वाहिन्यांत असतो आणि बोलणं बहुतेक मधल्या वाहिनीत. आपल्याकडे स्पीकर दोनच. प्लेअरने मधली वाहिनी दोन्हींत नीट मिसळली नाही तर संगीत येतं, माणसं गायब. प्लेअरच्या ध्वनीत 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' निवडायचं, आणि अँप्लिफायरवरचं 'हॉल' नावाचं बटण बंद. खोली आधीच घुमते, त्यात आणखी कृत्रिम घुमारा कशाला?

खजिनदार: एक खुर्ची परत आली. ४० पैकी ३५. ५ बाकी.

डी-५०५: साहेब, 'ग्राउंडहॉग डे' मध्ये रोज पहाटे ६ वाजता तोच गजर होतो. तुमच्या मेसेजने त्याची आठवण येते.

ए-७०२: उत्तम उदाहरण, उपहास बाजूला ठेवला तरी. १९९३. तोच दिवस परत परत का येतो हे सिनेमा सांगतच नाही. एका मसुद्यात शापाचं कारण घातलं होतं, ते वगळलं. बरंच झालं. कारण सांगितलं असतं तर प्रेक्षक उतारा शोधत बसला असता. आता तो माणसाकडे बघतो.

बी-२०४ काका: हे सगळं परदेशी. विनोद बघायचा तर 'जाने भी दो यारों' बघा. पोट धरून हसाल.

ए-७०२: काका, आपण दोघं एकाच बाजूला आहोत! १९८३. शेवटचं महाभारत आठवा. प्रेत द्रौपदी म्हणून रंगमंचावर येतं, आणि नाटकातला प्रत्येकजण नाटक वाचवायला जिवाच्या आकांताने धडपडतो. एकानेही प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला असता तर प्रसंग पडला असता. फोटो मोठा करत करत खून सापडतो, तो भाग इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या १९६६ च्या 'ब्लो-अप'ला केलेला सलाम आहे.

बी-२०४ काका: हे माहीत नव्हतं. बरं.

बी-४०३: 'ब्राझील' कुणी सुचवत नाही? १९८५, टेरी गिलियम. यंत्रात माशी पडते, 'टटल'चं 'बटल' छापलं जातं आणि भलताच माणूस उचलला जातो. पुढची सगळी भानगड त्या एका अक्षरामुळे. बी-४०३ चं मेंटेनन्स बिल बी-४०८ला जातं त्यावरून आठवलं.

सेक्रेटरी: ते सॉफ्टवेअरमुळे झालं. दुरुस्त केलं आहे.

बी-४०३: माशी सापडली का?

ए-७०२: 'ब्राझील' दाखवणार असाल तर १४२ मिनिटांचाच. टीव्हीसाठी ९४ मिनिटांचा, शेवट गोड केलेला एक अवतार आहे, तो चुकूनही नको. पण मुलांसाठी जडच.

माझ्या मनात आधी 'डार्क स्टार' होता, १९७४, जॉन कार्पेंटर. परग्रहावरचा प्राणी म्हणजे चक्क समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा चेंडू, खाली पंजे लावलेला. बॉम्बशी तत्त्वज्ञानावर वाद घालून त्याला फुटण्यापासून परावृत्त करायचा प्रयत्न करतात. सहलेखक डॅन ओबॅनन. चेंडूला लोक पुरेसे हसले नाहीत, तेव्हा तीच कल्पना त्याने भीतीकडे वळवली आणि 'एलियन' लिहिला, १९७९. एकाच यानातला नको असलेला पाहुणा, एकदा चेंडू, एकदा राक्षस. तरी लोकांना चेंडू बघून परत प्लग ओढावासा वाटेल, म्हणून मागे घेतो.

बी-२०४ काका: प्लगचा विषय संपला असं मी समजत होतो.

ए-७०२: माफ करा काका. संपला.

'गॅलेक्सी क्वेस्ट' घेऊ. १९९९, १०२ मिनिटं. बंद पडलेल्या अवकाश-मालिकेतले नट, आणि ती मालिका खरा इतिहास समजून बसलेले परग्रहवासी. ही एक अशक्य गोष्ट. बाकी सगळं तिच्यातून निघतं. मालिकेत होता म्हणून खऱ्या यानातही तो निरुपयोगी, माणूस चिरडणारा बोगदा बांधलेला आहे. मालिकेत उलटी मोजणी नेहमी १ वर थांबायची, म्हणून इथेही तिथेच थांबते. परग्रहवासी सगळं गंभीरपणे खरं मानतात, त्यांना खोटं ही कल्पनाच नवी. मुलंही हसतील, ताईंनाही चुका काढायला जागा मिळेल.

सी-१०१ ताई: काढीनच.

सेक्रेटरी: शनिवार, ८ वाजता. 'गॅलेक्सी क्वेस्ट'. रिमोट फक्त सी-१०१ आणि ए-७०२ यांच्याकडे राहील.

ए-३०४ काकू: सबटायटल्स मोठी ठेवा. आणि चित्रावर, पट्टीत नको.

ए-७०२: ठेवतो. आधीच सांगून ठेवतो, सुरुवातीला चित्र लहान आणि चौकोनी दिसेल, जुन्या टीव्हीसारखं. तो मालिकेचा भाग आहे. थिएटरात हा सिनेमा १.३३ वरून १.८५ आणि मग २.३५ असा रुंदावत जायचा. झूम करू नका. केलंत तर रुंद भागाचा जवळजवळ चौथा हिस्सा कापला जाईल.

बी-२०४ काका: आणि सुरुवातीला काळा पडदा?

ए-७०२: नाही काका.

बी-२०४ काका: मग येतो. पुढची रांग.

खजिनदार: पुढच्या रांगेच्याच ५ खुर्च्या बाकी आहेत.

बी-२०४ काका: दोन माझ्याकडे आहेत. शनिवारी येताना आणतो.