वाळ्याचं तेल पाण्यातून सुटेना, खुसिमॉलही कमी – मदत हवी आहे

खानापूरकर: नमस्कार मंडळी. 50 किलो वाळलेली वाळ्याची मुळं, वेगळ्या बॉयलरची वाफ, 8 तास भट्टी. तेल मिळालं जेमतेम 130 ग्रॅम. रिसीव्हरमधलं (तेल-पाणी जमतं त्या भांड्यातलं) पाणी दुधाळ, तेल धड वर येत नाही की खाली बसत नाही. वास कच्चा. जीसी तपासणीत (गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलातल्या घटकांचं प्रमाण दाखवणारी चाचणी) खुसिमॉल हा महत्त्वाचा घटक कमी आलाय. मुळंच हलकी म्हणायची, की भट्टीत चुकतंय?

वाफ_आणि_वास: मुळांना दोष देण्याआधी वेळ बघा. खुसिमॉल हे 15 कार्बनचं सेस्क्विटर्पीन अल्कोहोल, जड. ते वाफेबरोबर सावकाश निघतं. सुरुवातीला हलके घटक येतात, आणि 8 तासांत तुम्ही नेमका उंची माल टाकीतच सोडताय. भट्टी 18 ते 24 तास चालवा. मुळं 2-4 सेंमी कापा आणि रात्रभर भिजवा. टाकीत ठासून भरू नका, नाहीतर वाफ एकाच वाटेनं निसटते आणि बाकीचा थर कोरा राहतो.

दुधाळपणाचं कारण वेगळं. या तेलाची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते, शिवाय तेल दाट. कंडेन्सर फार गार ठेवलात तर ते नळीला चिकटतं आणि बारीक थेंबांत अडकून राहतं. गार पाण्याची धार कमी करा, रिसीव्हरमधलं पाणी 40-50 अंशांवर राहू द्या. मात्र तोंडाशी वाफ दिसायला लागली की तेल उडतंय समजा.

खानापूरकर: पाण्यात मीठ घातलं तर चालेल का हो?

वाफ_आणि_वास: चालेल. लिटरला 100 ग्रॅम घाला, पाणी जड होऊन तेल वर येईल. पण आधी जमेल तेवढं तेल काढून घ्या. बिनमिठाचं पाणी पुढच्या भट्टीत परत घालता येतं, कारण त्यात तेलातलं थोडं खुसिमॉलसारखं अल्कोहोल विरघळलेलं असतं. खारं पाणी टाकीत कधीच नको, स्टीलसुद्धा खातं.

मलप्रभाकाठ: एक राहिलं. मुळांचं वय किती? 15-18 महिन्यांच्या आत काढलीत तर तेल कमीच. निपाणीकडच्या काळ्या रानात खणताना बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात, नदीकाठची वाळूमिश्रित जमीन बरी. रोपं कुठली तेही सांगा: उत्तरेकडच्या काही जातींच्या तेलात खुसिमॉल मुळातच नगण्य असतं, तिथं भट्टी कितीही तास चालवून आकडा वाढत नाही. टाकी लोखंडी असेल तर तीही बदला, तेल काळवंडतं.

खानापूरकर: रोपं दक्षिणेकडचीच, मुळं 11 महिन्यांची. टाकी स्टीलची.

मलप्रभाकाठ: मग उरलेला प्लॉट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहू द्या.