आधी अंदाज, मग स्क्रीन

शिकवताना 'व्हिडिओ दाखवला की मुलांना पटकन कळतं' असं म्हटलं जातं, त्याबद्दल थोडं. कळल्यासारखं वाटतं, हे खरं. पण वही पुढे ठेवून तेच स्वतः मांडायला सांगितलं की गाडी अडते.

विद्युत परिपथ शिकवताना मी फेट सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून पाहायचा आभासी प्रयोग, वापरते (भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला उपक्रम, मोफत आहे). ते उघडण्याआधी एकच प्रश्न विचारते: एका बॅटरीला दोन सारखे दिवे एकसर जोडणीत (एकाच वाटेवर एकामागोमाग एक) लावले, तर कोणता जास्त उजळेल? प्रत्येकाने कारणासकट उत्तर लिहायचं. बरीच मुलं 'पहिला' लिहितात, कारण त्यांच्या मते वीज वाटेत खर्च होते. मग स्क्रीनवर दोन्ही दिवे सारखेच उजळतात, इलेक्ट्रॉन सगळीकडे एकाच वेगाने सरकताना दिसतात आणि वर्गात वाद पेटतो. मला हवा असतो तो हाच वाद. आधी अंदाज लिहून घेतला नाही, तर ते नुसतं हलतं चित्र उरतं.

त्यानंतर खरे दिवे आणि तारा हातात द्यायच्याच. खऱ्या दिव्यांत थोडा फरक पडतो, तो का, हे सिम्युलेशन सांगत नाही.

वर्गात प्रश्नाच्या पर्यायांवर मुलांची मतं घेणाऱ्या ॲपबद्दलही तेच. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर विद्यार्थ्यांना आधी मत नोंदवायला लावतात, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. ॲप नसेल तर अ-ब-क-ड लिहिलेली कार्डं पुरतात, मी दोन वर्षं तीच वापरली.