एकच आयटी अधिकारी असलेली नागरी बँक: प्रश्न भरतीचा की सुरक्षेचा?

प्रश्न (नागरी बँकेचा एक संचालक)

मी तालुक्याच्या गावातील एका नागरी सहकारी बँकेचा संचालक आहे. बँकेच्या 9 शाखा असून संगणक विभागाचा सारा भार गेली 11 वर्षे एकाच अधिकाऱ्यावर होता. दिवाळीनंतर त्यांनी पुण्यातील एका खासगी कंपनीत नोकरी धरली. जाहिरात देऊन चार महिने झाले. मुलाखतीला तिघे आले. त्यांपैकी दोघांनी पगाराचा आकडा ऐकूनच नकार दिला आणि तिसऱ्याला कोअर बँकिंग (सर्व शाखांची खाती एकत्र चालवणारी संगणक प्रणाली) म्हणजे काय, हे आम्हालाच समजावून सांगावे लागले. संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय ‘आस्थापना’ या सदराखाली येतो आणि पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. मला मात्र या रिकाम्या खुर्चीमुळे बँकेची सुरक्षितताच धोक्यात आली आहे, असे वाटते. ही भीती अवाजवी आहे का? नसेल, तर माणूस मिळेपर्यंत काय करता येईल?

प्रतिसाद 1 (निवृत्त बँक अधिकारी, संगणक विभाग)

संचालक महोदय, भीती अवाजवी नाही. ती 11 वर्षे उशिरा वाटू लागली आहे, असे स्पष्ट लिहितो, त्याबद्दल क्षमा असावी. एकच खुर्ची होती तेव्हाच धोका होता. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पास करायची नाही, हा मेकर-चेकरचा नियम आपण काउंटरवर कसोशीने पाळतो. संगणक कक्षात मात्र नवा यूजर उघडणारा, त्याला अधिकार देणारा आणि त्या नोंदी तपासणारा माणूस एकच असतो. तो कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या चुकीवर बोट ठेवणारे कोणी उरत नाही.

दुसरी बाब वेळेची. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेश बँकेचे, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे, 8 कोटी 10 लाख डॉलर मनिलाला वळवले गेले, तेव्हा चोरांनी गुरुवारची रात्र निवडली होती, कारण त्या देशात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि पुढच्या सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी होती. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पहिला घाला पडला तो 11 ऑगस्ट 2018 रोजी, म्हणजे दुसऱ्या शनिवारी. एटीएमची विचारणा बँकेच्या खात्यांशी ताडून पाहणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात; चोरांचा बनावट स्विच अशा विचारणांना परस्पर मंजुरी देत राहिला, 28 देशांतून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले आणि सोमवारी स्विफ्टमार्गे (बँकांची आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणा) आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. त्या बँकेत माणसे कमी होती, असे मी म्हणत नाही. पण सुट्टीच्या दिवशी पडद्याकडे कोण पाहते, हा प्रश्न आपल्यासारख्या बँकांना तर रोज रात्री लागू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना ध्यानात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. पाहणाराच नसेल, तर ती ध्यानात येणार कधी?

प्रतिसाद 2 (सेवा पुरवठादार कंपनीतील अभियंता)

एवढे घाबरून जाण्याचे कारण नाही. 9 शाखांच्या बँकेने स्वतःचा तज्ज्ञ शोधत बसण्यापेक्षा सर्व्हर, बॅकअप आणि चोवीस तासांची देखरेख बाहेरच्या कंपनीकडे सोपवावी. आमच्याकडे एकच गट अनेक बँका पाहतो. तेवढ्या खर्चात कोणतीही छोटी बँक तीन पाळ्यांची माणसे ठेवू शकणार नाही.

प्रतिसाद 3 (माहिती प्रणाली लेखापरीक्षक)

वरील सल्ला अर्धा बरोबर आहे. अनेक बँका एकाच गटावर विसंबल्या म्हणजे काय होते, ते जुलै 2024 च्या अखेरीस दिसले. छोट्या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रणालीचा) हल्ला झाला आणि राष्ट्रीय देयक महामंडळाला (एनपीसीआय) तिला किरकोळ देयक यंत्रणांपासून तात्पुरते तोडावे लागले. सुमारे 300 छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले, त्या बँकांची स्वतःची काही चूक नसताना. शिवाय काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही. रिझर्व्ह बँक जाब विचारते तो बँकेलाच. पुरवठादाराने पाठवलेला मासिक अहवाल वाचून त्यावर एखादा अडचणीचा प्रश्न विचारू शकेल, असा एक तरी माणूस बँकेत हवा. लेखापरीक्षणात मी असे अहवाल अनेकदा पाहतो. ते फाइलला नीट लावलेले असतात आणि त्यांवर शिक्का असतो, वाचल्याची खूण मात्र नसते.

तातडीचे काम वेगळेच आहे. गेलेल्या अधिकाऱ्यांचे लॉगिन बंद झाले का? राउटर आणि फायरवॉलचे (बाहेरून होणारा अनधिकृत प्रवेश अडवणारी यंत्रणा) पासवर्ड बदलले का? संकेतस्थळाच्या नावाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना येणारा ओटीपी अजून त्यांच्याच खासगी मोबाइलवर तर जात नाही ना? ही यादी त्यांच्याशी गोडीने बोलून, शक्य तर त्यांना एका दिवसाचे मानधन देऊन, याच आठवड्यात पूर्ण करावी.

प्रतिसाद 4 (अशाच एका बँकेतून बाहेर पडलेला कर्मचारी)

मी गेलो तो पगारासाठी, हे खरे आहे. पण सहा वर्षांत सलग चार दिवसांची रजा मिळाली नाही आणि बहिणीच्या लग्नातही मांडवामागे लॅपटॉप उघडून बसावे लागले, हेही तितकेच खरे. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान 10 कामकाजाचे दिवस रजेवर पाठवण्यास बँकांना सांगितले आणि त्या काळात त्यांना कामाच्या प्रणालींत प्रवेश देऊ नये, असेही स्पष्ट केले. गैरव्यवहार उघडकीस यावेत, हा त्यामागचा हेतू. पण माणूस 10 दिवस नसताना काय काय अडते, तेही त्यातूनच समजते. आमच्या बँकेत ते कधीच समजले नाही, कारण मला रजाच मिळाली नाही. तुमच्या शाखांमध्ये संगणकाची आवड असलेले दोन लिपिक नक्की असतील. त्यांना कामातून मोकळे करून शिकू द्या, आणि शिकल्यावर लिपिकाच्याच पगारावर ठेवू नका, नाही तर तेही पुण्याची गाडी धरतील.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. आज व्यवस्थापकांना विचारले असता जुने लॉगिन अद्याप चालू असल्याचे कळले. ते दुपारीच बंद करून घेतले. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, हे मात्र बँकेत कोणालाही सांगता आले नाही. येत्या बैठकीत हा विषय आस्थापनेऐवजी जोखीम या सदराखाली घ्यावा, असे पत्र मी अध्यक्षांना दिले असून दोन लिपिकांची नावेही त्यासोबत जोडली आहेत. लेखापरीक्षक महोदयांना एक विनंती आहे: पुरवठादाराच्या अहवालात आमच्यासारख्या अतांत्रिक संचालकांनी सर्वप्रथम कोणता रकाना पाहावा, ते कृपया कळवावे.