दंशाची खूण नाही, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, रुग्ण व्हेंटिलेटरवर : मण्यारदंशात वाट किती दिवस पाहावी?

प्रश्न : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय (कोकण)

आदरणीय वरिष्ठांनो, गेले तीन दिवस मला स्वस्थता नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ऐन भातलावणीच्या दिवसांत, पहाटे साडेचारच्या सुमारास १९ वर्षांच्या एका मुलाला नातेवाइकांनी आमच्याकडे आणले. तक्रार एकच होती : पोटात असह्य कळा आणि दोन उलट्या. ताप नव्हता, पोट मऊ होते, नाडी थोडी जलद आणि रक्तदाब वयाच्या मानाने जास्त होता. रात्री सर्वांनी एकच जेवण घेतले होते आणि इतर कोणालाही त्रास नव्हता. मी पित्ताचे व पोटदुखीचे इंजेक्शन देऊन त्याला निरीक्षणासाठी ठेवले. सहाच्या सुमारास तो आईला म्हणाला की डोळे उघडत नाहीत. मी पाहिले तेव्हा दोन्ही पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या, आवाज नाकातून येत होता आणि त्याला थुंकी गिळता येत नव्हती. त्या क्षणी मी पहिल्यांदा विचारले की तो कुठे झोपला होता. तो पडवीत, जमिनीवर सतरंजी टाकून झोपला होता. अंगभर शोधूनही दंशाची खूण सापडली नाही आणि काही चावल्याचे त्याला आठवत नव्हते. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त व्यवस्थित गोठले.

मी सर्पविषावरील लसीच्या १० कुप्या सुरू केल्या, श्वास उथळ होऊ लागताच नळी टाकली आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत १०८ रुग्णवाहिकेतून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले. आज तिसरा दिवस आहे. हातपाय पूर्ण लुळे आहेत, बाहुल्या विस्फारलेल्या असून प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, मेंदूचा सीटी स्कॅन निर्दोष आहे. तिथे कोणीतरी नातेवाइकांना सांगितले की आता मेंदूत काही उरलेले नाही, आणि ते त्याला घरी न्यायच्या विचारात आहेत. खूण नसताना लस देणे योग्य होते का, आणखी कुप्या द्याव्यात का, आणि वाट किती दिवस पाहावी, हे मला विचारायचे आहे.

उत्तर १ : फिजिशियन, तालुक्याचे ठिकाण, सत्तावीस वर्षांचा व्यवसाय

डॉक्टर, सर्वांत आधी नातेवाइकांना भेटा किंवा फोन करा आणि त्याला हलवू नका असे स्पष्ट शब्दांत सांगा. बाकीचे उत्तर त्यानंतर वाचले तरी चालेल.

तुम्ही वर्णन केलेले चित्र मण्यारीचे आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि कूस बदलताना ती दाबली गेली की चावते. तिचे दात इतके बारीक असतात की खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही, वेदना नगण्य असते आणि अनेकदा माणूस जागाही होत नाही. तो जागा होतो तो पोटातल्या कळांनी. दंशाच्या जागी काहीच नाही आणि पोटात मात्र इतके दुखते, या विसंगतीमुळे हे रुग्ण पित्त, अन्नविषबाधा किंवा अपेंडिक्स समजून परत पाठवले जातात. तुम्ही त्याला ठेवून घेतले, हाच त्या पहाटेचा सर्वांत मोलाचा निर्णय होता. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका बाईंना पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवले होते. त्या परत आल्या तेव्हा श्वास थांबलेला होता. तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे पोट दुखते म्हणून कोणी आले, की ‘काय खाल्ले’ हे विचारण्याआधी मी ‘कुठे झोपला होता’ हे विचारतो, आणि पापण्या वर उचलायला लावून, उशीवरून डोके उचलायला सांगून, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पाहतो. दर अर्ध्या तासाने तो आकडा कमी होत गेला, तर नळी टाकण्याची तयारी श्वास अडकण्याआधीच करता येते.

खूण नसताना लस देणे योग्यच होते. वरून खाली उतरत जाणारा लकवा, पूर्ण शुद्धीवर असणे, गोठणारे रक्त आणि जमिनीवरची झोप एवढे जुळले तर खुणेसाठी थांबू नये. रक्त गोठते म्हणून सर्पदंश नाही, असा निष्कर्ष काढण्याची चूक मी अनेकदा पाहिली आहे. ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी आहे, मण्यार आणि नाग यांच्या दंशात रक्त गोठतेच.

इतर शक्यताही तपासून घ्या. पोटॅशियम उतरल्याने येणारा लकवा पहाटेच दिसतो, पण त्यात पापण्यांवर सहसा परिणाम होत नाही. गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार बहुधा पायांकडून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात. फवारणीच्या औषधाची विषबाधा असती तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या आणि तोंडाला फेस आला असता. बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने येणारा लकवा, मात्र हुबेहूब असाच दिसू शकतो, तरीही तो काही तासांत इथवर क्वचितच पोहोचतो.

कोकणातील डॉक्टरांना विंचूदंशाची भीती आता पूर्वीइतकी वाटत नाही, कारण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. मण्यारीसाठी तशी हुकमी गोळी आपल्याकडे नाही. इथे जीव वाचवते ते श्वसनाचे यंत्र.

उत्तर २ : अतिदक्षता विभाग, भूलतज्ज्ञ

सरांशी मी सहमत आहे. फक्त बाहुल्यांविषयी अधिक सविस्तर लिहिते, कारण निर्णय तिथेच चुकण्याचा धोका आहे.

मण्यारीच्या विषातला बीटा-बंगारोटॉक्सिन हा घटक मज्जातंतूच्या टोकावर, म्हणजे स्नायूला संदेश पाठवणाऱ्या बाजूला, हल्ला करतो. तिथला ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाचा साठा संपतो आणि मग ते टोकच नष्ट होते. बाहुली आकुंचन पावते तीही मज्जातंतूच्या अशाच संदेशाने, म्हणून मेंदू पूर्ण जागा असताना बाहुल्या विस्फारलेल्या आणि स्थिर राहू शकतात. डोळे हलत नाहीत, खोकला येत नाही, वेदनेला प्रतिसाद नाही, यांपैकी एकाही गोष्टीवरून मेंदूबद्दल काही ठरवता येत नाही, कारण प्रतिसाद देणारा प्रत्येक स्नायू बंद आहे. मेंदूमृत्यूची तपासणी सुरू करण्याआधी स्नायू लुळे करणारे औषध किंवा विष शरीरात नाही याची खात्री करणे ही पहिली अट आहे, आणि इथे ती पूर्ण होत नाही. शंका राहिली तर ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, करून घ्या. अशा रुग्णांत तो जाग्या माणसासारखा येऊ शकतो, आणि तो कागद नातेवाइकांना दाखवता येतो.

यातून एक कर्तव्य निर्माण होते, आणि त्याबद्दल मी आग्रही आहे. तो ऐकत आहे असे धरून वागा. त्याला गुंगीचे आणि वेदनाशामक औषध मिळते आहे का ते पाहा, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावून पापण्या मिटवून ठेवा, कुशी बदला, आणि प्रत्येक वेळी हात लावण्यापूर्वी काय करणार आहात ते त्याला नावाने हाक मारून सांगा. त्याच्या खाटेपाशी उभे राहून त्याच्या मरणाची चर्चा कोणीही करू नये.

आणखी कुप्यांबाबत माझे मत नकारार्थी आहे. पहिल्या १० कुप्यांनंतर तास-दोन तासांत लकवा वाढत असेल तर आणखी १० देतात, आणि मज्जातंतूंवरच्या विषासाठी २० ही कमाल मर्यादा मानली जाते. लस रक्तात फिरणारे विष पकडते. टोकाच्या आत शिरलेल्या विषाला ती काढू शकत नाही आणि नष्ट झालेले टोक परतही आणू शकत नाही. तिसऱ्या दिवशी आणखी लस दिल्याने मिळेल ती केवळ ॲलर्जीची जोखीम. निओस्टिग्मिन या ॲसिटिलकोलिन टिकवून धरणाऱ्या औषधाचेही तसेच. नागाचे विष स्नायूच्या बाजूला बसते, त्यामुळे तिथे हे औषध उत्तम काम करते. साप दिसलेला नसताना ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून आणि निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत देऊन पाहण्यास हरकत नसते. पण तीन मात्रांत पापणी उचलली गेली नाही, तर पुढे देण्यात अर्थ नाही.

वाट किती पाहावी? नवी टोके फुटेपर्यंत. बहुतेक रुग्ण काही दिवसांत हलू लागतात, काहींना आठवडे लागतात. या लकव्यापुरते बोलायचे तर तो पूर्ण बरा होणारा आजार आहे. मधल्या काळात धोका आहे तो न्यूमोनियाचा, नळी बंद होण्याचा, वीज जाण्याचा आणि सर्वांचा धीर सुटण्याचा.

उत्तर ३ : फिजिशियन (पुन्हा)

मॅडमनी कुप्यांबद्दल लिहिले ते मान्य आहे, तरी एक भर घालतो. पहिल्या काही तासांत मी हात आखडता घेत नाही, कारण त्या वेळी विष अजून रक्तात असते आणि लकवा आणखी खोल जाण्यापासून थोडाफार अटकाव होण्याची शक्यता असते. उशिरा आलेल्या रुग्णाला मात्र मीही पहिल्या मात्रेपलीकडे क्वचितच देतो. लस सुरू करताना त्वचेवरची चाचणी करू नका, तिने पुढची प्रतिक्रिया ओळखता येत नाही आणि वेळ जातो. तीव्र ॲलर्जीवरचे ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवा.

जाता जाता : देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे आणि त्यांतले बहुसंख्य खेड्यांतले आहेत. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, पण अंबू बॅग सलग तीन तास दाबणारा माणूस प्रत्येक रुग्णवाहिकेत असतोच असे नाही. या मुलाच्या बाबतीत तो होता, म्हणून आपण आज हे बोलत आहोत.

प्रश्नकर्तीची नोंद, पाच आठवड्यांनंतर

दोघांचेही आभार मानण्यासाठी आणि पुढची हकिगत सांगण्यासाठी लिहीत आहे. त्याच दुपारी मी मोठ्या रुग्णालयात गेले, तिथल्या निवासी डॉक्टरांना दुसरे उत्तर वाचून दाखवले, आणि त्यांनी त्याच दिवशी ईईजी करून घेतला. आलेख जाग्या माणसाचा होता. त्याच्या वडिलांना तो कागद समजला असे मी म्हणणार नाही, परंतु डॉक्टर मुलाशी बोलत आहेत हे पाहून ते स्वतःही त्याच्याशी बोलू लागले आणि घरी नेण्याचा विषय थांबला.

पाचव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. सातव्या दिवशी कपाळाला आठी पडली, नवव्या दिवशी त्याने डोके उचलले आणि अकराव्या दिवशी नळी काढली. मधल्या काळात न्यूमोनिया झाला आणि तो आटोक्यात आला. काल तो तपासणीसाठी चालत आला. जवळचे वाचताना अक्षरे पुसट दिसतात, एवढीच तक्रार उरली आहे, आणि बाहुल्या अजून किंचित मोठ्या आहेत.

त्याला काय आठवते असे मी विचारले. पोटातल्या कळा आठवतात आणि रुग्णवाहिकेतले खड्डे आठवतात. तिसऱ्या दिवशी खाटेशेजारी त्याचे दोन काका गाडीच्या भाड्याबद्दल बोलत होते आणि ती गाडी कशासाठी ठरवली जात होती, हे त्याला कळत होते. ओरडण्याचा प्रयत्न केल्याचे त्याने सांगितले. त्यावर मी काही बोलू शकले नाही.

घरच्यांनी पडवीतली भाताची पोती हलवली तेव्हा खाली कात सापडली. आता तो खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून झोपतो. आमच्या बाह्यरुग्ण कक्षात पावसाळ्यातल्या पहाटेच्या पोटदुखीसाठी केसपेपरवर एक ओळ मी वाढवून घेतली आहे : ‘रात्री झोपण्याची जागा’.