योआखिमच्या १९०३ च्या तबकड्या: खरा वेग कसा ठरवायचा?

षड्जपंचम: व्हायोलिनवादक योझेफ योआखिमने १९०३ मध्ये बर्लिनला ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्यांच्या पाचही बाजू मिळाल्या. पण बाखच्या जी मायनर 'अडाजिओ'च्या (एकट्या व्हायोलिनची संथ रचना) दोन डिजिटल प्रतींत जवळपास अर्ध्या स्वराचा फरक आहे. एक खरखरीत, तर दुसरी इतकी घासूनपुसून स्वच्छ की व्हायोलिन बासरीसारखं वाटतं. कोणती धरायची, आणि वेग कसा सुधारायचा?

लाखेची तबकडी: खरखरीत धरा. वेग सुधारता येतो, गाळलेले स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर) परत येत नाहीत.

त्या काळी मिनिटाला ७८ फेरे हा नियम नव्हताच. मुळात ७३.६ ची तबकडी ७८ वर फिरवली की पट्टी अर्धा स्वर चढते. पडताळायला ही 'अडाजिओ' उत्तम. पहिल्याच स्वरमेळात खालचे जी आणि डी मोकळ्या तारांवर वाजतात, तिथे बोटाची चूक शिरत नाही. वाद्यं जुळवायचा ए स्वर ४३५ हर्ट्‌झ धरला (तेव्हाचं अधिकृत माप) तर मोकळा जी ४३५ ÷ २.२५ = १९३.३ हर्ट्‌झ. कर्ण्यातून (मायक्रोफोनऐवजी) घेतलेल्या मुद्रणात इतका खालचा मूळ स्वर नीट उमटत नाही, म्हणून त्याची दुप्पट, ३८७ च्या आसपासची रेघ स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) शोधा. तिप्पट, म्हणजे ५८० वर डीचा स्वरांशही येऊन बसतो, ती रेघ नको.

समजा ३८७ ऐवजी ४१० दिसलं: ३८७ ÷ ४१० = ०.९४४, म्हणजे वेग ५.६ टक्के कमी करा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज स्पीड अँड पिच' (जुन्या आवृत्त्यांत 'चेंज स्पीड') वापरा, नुसतं 'चेंज पिच' नव्हे. पट्टी आणि लय एकत्रच उतरायला हवी. मग शेवटचा स्वरमेळ तपासा, तोही जी मायनरच आहे. तिथे फरक पडला तर फिरवताना वेग ढळलाय.

कर्णा: ४३५ ला फार चिकटू नका. एकल वादक तार थोडी चढी लावू शकतो. ४३५ आणि ४४० मध्ये अंतर अवघं २० सेंटचं (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), त्यावरून वाद नको. याच पाच बाजूंपैकी ब्राम्सच्या हंगेरियन नृत्यांत पियानोची साथ आहे, तिथे पियानोवरून मापा. मात्र एका बाजूचा आकडा दुसरीला डोळे मिटून लावू नका.

वेग चुकला की वादनाविषयीचं मतही चुकतं. योआखिम स्वर फारसा कंपित करत नाही. चढ्या प्रतीत तो मोजका कंपही घाईचा वाटतो, आणि ७२ वर्षांचा हात उगाच तरुण भासतो.

सुई_बदला: मूळ तबकडी हाती आली तर: एलपीची सुई नको, ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. सुमारे ३ मिलची (इंचाच्या हजाराव्या भागाला मिल म्हणतात) सुई लावा, आरआयएए (एलपीसाठीची आवाज-दुरुस्ती) बंद ठेवा (१९०३ मध्ये असलं काही नव्हतंच). दोन्ही चॅनेल वेगवेगळे टिपा; खाचेची एक भिंत बहुधा कमी झिजलेली असते. पुसायला स्पिरिट अजिबात नको, लाख विरघळते. खरखर काढायचीच तर सगळ्यात शेवटी, आणि तीही ५-६ डेसिबलच्या पुढे नाही.